चौथीपर्यंतची शाळा घराजवळच असावी

नाशिकमध्ये दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच नर्सरीच्या प्रवेशाची धांदल सुरू होते. कोणत्या शाळेचे फॉर्म निघाले, कुठे ‘इंटरॅक्शन’ आहे, कुणाची ओळख चालेल, यावर सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप रात्री उशिरापर्यंत जागे असतात. मी बरीच वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं, त्यामुळे या दिवसांत ओळखीतली तरुण आईबाबा मंडळी सल्ला विचारायला येतात. त्यांच्या बोलण्यात बोर्ड येतं, दहावीचा निकाल येतो, एसी वर्ग, पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स येतं. शाळा घरापासून किती लांब आहे, पहिलीला कोण शिकवतं, त्या बाई तिथं किती वर्षं आहेत, आपलं मूल त्या वर्गात कोणत्या भाषेत हात वर करून बोलू शकेल, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. चौथीपर्यंत मुलाला घराजवळच्या, घरच्या भाषेत शिकवणाऱ्या, पहिलीला चांगल्या आणि टिकून राहिलेल्या बाई असलेल्या शाळेत घालावं. बाकीच्या सगळ्या गोष्टी त्यानंतर. आणि अशी शाळा प्रत्येक वस्तीत असणं ही शहराची जबाबदारी आहे. ती एकेका पालकाच्या धावपळीवर सोडून चालणार नाही.

आधी अंतराचं बघू, कारण त्याला कुणी शैक्षणिक मुद्दा मानतच नाही. पाथर्डी फाट्यावर राहणारं मूल गंगापूर रोडच्या शाळेत जातं. अमृतधामचं मूल द्वारका किंवा मुंबई नाका ओलांडून इंदिरानगरकडे येतं. नकाशावर अंतर सात-आठ किलोमीटर दिसतं, पण व्हॅनवाले काका आठ-दहा घरांसमोर थांबत जातात, त्यात द्वारकेची कोंडी आणि 2027 च्या सिंहस्थासाठी चाललेली रस्त्यांची कामं. जाऊन येऊन दीड तास सहज जातो. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवलं आहे. रोजच्या दीड तासाने वर्षाचे 300 तास होतात. म्हणजे सहा वर्षांचं मूल वर्गात जितका वेळ शिकतं, त्याच्या एक तृतीयांशाहून अधिक वेळ ते व्हॅनमध्ये बसून काढतं. तो वेळ झोपेतून, खेळातून आणि आजीजवळ बसण्यातून कापला जातो.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पुष्कळदा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे कानटोपी घातलेली, अर्धवट झोपेतली मुलं स्कूटरच्या पुढच्या भागात उभी असलेली ज्याने पाहिली आहेत त्याला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते मुलांच्या झोपेचा विचार करूनच. त्यावर तक्रारी आल्या: व्हॅनच्या फेऱ्या बसत नाहीत, दोन सत्रं जमत नाहीत, वाहतूक वाढते. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी अंतर आहे. मुलं चालत शाळेत जात असती तर शाळा नऊला भरवणं कुणालाच अवघड गेलं नसतं.

जवळच्या शाळेचा याहून मोठा फायदा असा, की घर आणि वर्ग एकमेकांना ओळखू लागतात. मूल सोडायला आलेली आजी फाटकाशी बाईंना सहज सांगते, की काल रात्री ताप होता, आज डबा खाल्ला नाही तर रागावू नका. बाईही सांगतात, की अजून ‘ब’ आणि ‘व’मध्ये गोंधळतोय, घरी जरा बघा. अशा अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यातून पहिलीच्या मुलाचं जेवढं काम होतं तेवढं तीन महिन्यांतून एकदा होणाऱ्या पालकसभेतून होत नाही. संध्याकाळी ज्यांच्याशी खेळायचं तीच मुलं वर्गात असतात, त्यामुळे कुणी आजारी पडलं तर वही शेजारून मिळते. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर यातलं काहीच घडत नाही. घर आणि वर्ग यांच्यामध्ये फक्त ॲपवरच्या सूचना उरतात.

भाषेच्या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं आणि ते लवकर दिसत नाही.

तिसरीतलं एखादं मूल इंग्रजी पाठ घडाघडा वाचतं. उच्चार स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. आईवडील कौतुकाने ऐकत असतात. मग त्याला विचारावं, ‘या गोष्टीत काय झालं?’ मूल गप्प. किंवा ते पाठाखालच्या पहिल्या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवतं. असं मूल हुशार नसतं असं अजिबात नाही. अक्षरांचा आवाज करायला ते शिकलं आहे. वाचायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. ही अवस्था मी इतक्या मुलांत पाहिली आहे, की हा अपवाद आहे असं मला कुणी सांगू नये.

हे का होतं ते समजून घेणं कठीण नाही. सहा वर्षांचं मराठी घरातलं मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्याजवळ हजारो शब्द असतात. त्याला गोष्ट सांगता येते, भांडता येतं, खोटं बोलता येतं, ‘जर-तर’ वापरता येतं. त्याला फक्त एकच नवी गोष्ट शिकायची असते, ती म्हणजे बोललेलं कागदावर कसं उतरतं. देवनागरीत चिन्ह आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी सरळ आहे, त्यामुळे बाई चांगल्या असतील तर पहिली संपता संपता मूल बाराखडीतून बाहेर येऊन छोटी वाक्यं वाचू लागतं आणि दुसरीत जोडाक्षरांवर हात बसतो. तेच मूल इंग्रजी माध्यमात गेलं तर त्याला भाषा, वाचन आणि त्या भाषेतून गणित-परिसर हे सगळं एकाच वेळी शिकायचं असतं, तेही अपवादांनी भरलेल्या स्पेलिंगमधून. ज्या घरात आईवडील इंग्रजीत बोलतात, वाचतात, तिथं हे ओझं पेलतं. सिडकोतल्या किंवा सातपूरच्या घरात, जिथं वडील पाळीवर आणि आई घरकाम-शिवणकामात, तिथं ते संध्याकाळच्या ट्यूशनवर जातं. शाळेची फी, व्हॅनची फी आणि वर ट्यूशनची फी, असं तिहेरी ओझं मग त्या घराच्या माथी येतं.

युनेस्कोने 1953 सालीच तज्ज्ञांच्या अहवालातून सांगितलं, की मुलाचं शिक्षण मातृभाषेतून सुरू व्हावं. शिक्षणहक्क कायद्याचं 29वं कलम शक्य तिथवर मातृभाषेचं माध्यम मागतं. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण किमान पाचवीपर्यंत तेच म्हणतं. तरीही गल्लीतला नर्सरीचा फलक इंग्रजीत लावला की प्रवेश भरतात. पालकांना मी दोष देत नाही. त्यांनी नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी न आल्याने मान खाली घातलेली असते आणि ते आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये अशी त्यांची इच्छा असते. ती इच्छा रास्त आहे. चुकतो तो मार्ग. इंग्रजी येण्यासाठी सगळे विषय इंग्रजीतून शिकावे लागतात हे गृहीतच खरं नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. ज्या मुलाला एका भाषेत अर्थ लावत वाचता येतं, ते दुसऱ्या भाषेतही अर्थ शोधतं. ते कौशल्य पुन्हा शून्यापासून शिकावं लागत नाही. उलट ज्याला कोणत्याच भाषेत अर्थ लावता आला नाही, त्याचं इंग्रजी पाठांतरापुढे जात नाही. गणित आणि विज्ञान पुढे इंग्रजीतून घ्यायचं असेल तर सेमी इंग्रजीची वाट पाचवीपासून किंवा आठवीपासून पूर्वीही होती, आजही आहे. पहिलीपासूनच सेमी लावण्याची जी अहमहमिका मराठी शाळांमध्ये लागली आहे ती मला पटत नाही. पटसंख्या टिकवण्यासाठी शाळा हे करतात हे कळतं, पण पहिलीच्या मुलाला बेरीज समजण्याआधी तिची परकी नावं शिकवण्यात त्याचं काही भलं नाही.

इथं एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. ‘मराठी माध्यम’ म्हटलं की सगळ्यांची घरची भाषा त्यात आली असं होत नाही. सिडकोत कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खानदेशातून आलेली किती तरी घरं अहिराणी बोलतात. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या कुटुंबांत कोकणा या आदिवासी समाजाची बोली असते. अंबडच्या कारखान्यांच्या आसपास हिंदी-भोजपुरी बोलणारी मुलं वाढतात, जुन्या नाशकात उर्दू. या मुलांना पुस्तकातली मराठीसुद्धा एक पायरी लांब असते. चांगली शिक्षिका त्यांचा शब्द चुकीचा ठरवत नाही. ती तो घेते, त्याशेजारी पुस्तकातला शब्द ठेवते आणि पुढे जाते. मूल पहिल्या महिन्यात आपल्या बोलीत काही बोललं आणि वर्ग हसला, तर बाई काय करतात, हे कळलं की त्या शाळेबद्दलचं पुष्कळ काही कळतं.

ज्यांची नोकरी बदलीची आहे, म्हणजे देवळालीच्या तोफखान्यातली, ओझरच्या एचएएलमधली किंवा बँकेतली माणसं, त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. दर तीन वर्षांनी राज्य बदलणार असेल तर केंद्रीय विद्यालय किंवा सीबीएसई शाळा निवडणं योग्यच आहे. बाकीच्यांनी बोर्डावर इतकी डोकेफोड करू नये. चौथीपर्यंत बोर्डाने जो फरक पडतो तो वर्गातल्या शिक्षिकेने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ आहे.

आता त्या शिक्षिकेकडे येऊ.

शाळेत गेल्यावर प्रवेश-समन्वयक आपल्याला इमारत दाखवतात. आपण म्हणावं, पहिलीचा वर्ग चालू असताना दहा मिनिटं मागे बसू द्या. वर्ग शांत आहे का याकडे लक्ष देऊ नका; सहा वर्षांच्या मुलांचा पूर्ण शांत वर्ग मला तरी काळजीचा वाटतो. बघा की बाई किती बोलतात आणि मुलं किती बोलतात. चुकीचं उत्तर आलं तर त्या पुढच्या मुलाकडे जातात, की ‘तुला असं का वाटलं?’ म्हणून थांबतात. मागच्या बाकावरच्या मुलाचं नाव त्यांना येतं का. भिंतीवर मुलांनी लिहिलेलं काही आहे का, की सगळे तक्ते छापील. गोष्टीची पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशी आहेत की कपाटात कुलूपबंद. वह्या चाळायला मागा: सगळ्या वह्यांत शब्दन्‌शब्द सारखी उत्तरं असतील तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. वाकड्यातिकड्या अक्षरांत, चुकांसकट, प्रत्येकीचं वेगळं वाक्य असेल तर तिथं शिकणं चाललं आहे.

आणखी विचारा की पहिलीच्या बाई इथं किती वर्षं आहेत आणि त्यांचं प्रशिक्षण काय आहे. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्राथमिकच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही, डी.एल.एड. (म्हणजे पूर्वीचं डी.एड., प्राथमिक शिक्षणाची पदविका) हवं. पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, नववीला इतिहास शिकवणाऱ्याला ते आपोआप येत नाही, हेच त्या निकालाचं मर्म. गंमत म्हणून नव्हे, गंभीरपणे सांगते, की लाखभर फी घेणाऱ्या काही शाळांत पहिलीच्या बाईंचं प्रशिक्षण विचारलं तर उत्तर मिळत नाही, आणि ज्या महापालिकेच्या शाळेकडे आपण ढुंकून बघत नाही तिथल्या बाई रीतसर डी.एड. करून, पात्रता परीक्षा देऊन आलेल्या असतात. कमी पगार देणाऱ्या विनाअनुदानित शाळांत शिक्षिका टिकत नाहीत. जूनमधल्या बाई जानेवारीत बदललेल्या असतात. पहिलीच्या मुलाला वर्षाच्या मध्यात बाई बदलणं फार जड जातं. त्याचा विश्वास माणसावर असतो, संस्थेच्या नावावर नसतो.

दहावीच्या निकालाच्या फलकाने यातलं काहीच सांगितलं जात नाही. तो निकाल दहा वर्षांपूर्वी आत घेतलेल्या मुलांचा, त्यांच्या घरांचा आणि त्यांच्या क्लासेसचा असतो. मुलांना वाचन-गणित किती येतं ते घरोघर जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतात तिसरीतल्या केवळ 27.1 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टच हे, की 2026-27 पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधं गणित यावं. म्हणून शाळेत विचारण्यासारखा प्रश्न असा: ‘तुमच्या तिसरीतली किती मुलं अनोळखी गोष्ट वाचून ती आपल्या शब्दांत सांगू शकतात?’ जी मुख्याध्यापिका या प्रश्नावर आपल्याला वर्गात घेऊन जाते, तिच्या शाळेत मूल निर्धास्त घालावं.

नर्सरीविषयी थोडक्यात. राज्याच्या नियमाने पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणं आणि डोनेशन मागणं हे दोन्ही शिक्षणहक्क कायद्याच्या 13व्या कलमाने दंडनीय आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा आहे, आणि प्रवेशाचा दरवाजा खासगी शाळांनी तीन वर्षांवर आणून ठेवला आहे. त्यामुळे तीन वर्षांच्या बाळाला रंग विचारले जातात आणि आईला तिचं शिक्षण. हे बंद व्हायला हवं, आणि पूर्वप्राथमिकचे वर्ग कायद्याच्या चौकटीत आल्याशिवाय ते होणार नाही. तोवर पालकांनी एवढं करावं, की तीन वर्षांच्या मुलाला गल्लीतल्या बालवाडीत किंवा अंगणवाडीत खेळायला पाठवावं आणि शाळेचा निर्णय पहिलीपर्यंत लांबवावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण उभं केलं ते अंगणात, मुलाच्या आसपासच्या बिया, पानं, खडे वापरून. त्यांच्या महाराष्ट्रात नर्सरीच्या मुलाला ओळीत बसवून अक्षरं गिरवायला लावावीत हे मला फार लागतं.

आता सगळ्यात मोठी हरकत. पालक म्हणतात, ‘बाई, जवळची शाळा चांगली असती तर आम्ही कशाला लांब गेलो असतो?’

ही हरकत खरी आहे, आणि तिला उत्तर वैयक्तिक निवडीत सापडणार नाही. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाने 1966 च्या अहवालात परिसरशाळेची कल्पना मांडली. एका वस्तीतली सगळी मुलं, गरीब-श्रीमंत, कोणत्याही जातीची, त्याच वस्तीतल्या एका सामाईक शाळेत जातील. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. त्यामागचा विचार समतेचा होता तसाच व्यवहाराचाही. वस्तीतल्या बोलत्या, वाचत्या, अर्ज करू शकणाऱ्या पालकांची मुलं ज्या शाळेत असतात त्या शाळेतला नळ बंद पडून राहत नाही. नाशिकमध्ये उलट झालं. ज्यांचा आवाज पोहोचतो ते पालक महापालिकेच्या शाळांतून आधी निघून गेले. मागे राहिली ती मुलं ज्यांचे पालक सकाळी आठला बिगारीच्या नाक्यावर उभे असतात. शाळा खालावली म्हणून आपण गेलो, हे जितकं खरं, तितकंच आपण गेलो म्हणून ती खालावली, हेही खरं आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या, शिक्षणहक्काच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट मिळणार होती. मी जवळच्या शाळेचा आग्रह धरते म्हणून कुणाला वाटेल, की मला हा नियम आवडला असेल. मला तो अन्यायाचा वाटला. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला याचा मला आनंद झाला. परिसरशाळा म्हणजे परिसरातल्या सगळ्यांची शाळा. श्रीमंतांना शहरभर निवडीची मुभा आणि गरिबांना मात्र ‘तुमच्या जवळ सरकारी शाळा आहे की’ असं सांगणं, यात परिसरही नाही आणि समताही नाही. कॉलेज रोडच्या शाळेत शेजारच्या झोपडपट्टीतलं मूल शिकतं तेव्हा ती शाळाही थोडी परिसरशाळा होते.

जवळची सरकारी शाळा चांगली होऊच शकत नाही हा समज खोडून काढायला लांब जायला नको. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी या पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा महाराष्ट्रभर माहीत झाली, कारण तिथली मुलं मोठमोठे पाढे म्हणतात आणि दोन्ही हातांनी लिहितात. पाढ्यांचं मला तितकं अप्रूप नाही. मला मोलाचं वाटतं ते हे, की केशव गावित हे शिक्षक वर्षानुवर्षं त्याच पाड्यावर राहिले, आणि मुलांना शाळेत जावंसं वाटू लागलं. सगळ्या शिक्षकांनी बारा महिने, बारा तास शाळा चालवावी असं मी म्हणणार नाही, तसं मागणंच चूक आहे. पण टिकलेला शिक्षक आणि चालत येणारी मुलं एवढ्या भांडवलावर काय होतं ते तिथं दिसतं. शहरात आनंद निकेतनसारखी मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा पालकांच्या विश्वासावर उभी राहिली. शंभर वर्षांहून जुनी मराठा विद्या प्रसारक समाज आणि गोखले एज्युकेशन सोसायटी यांच्यासारख्या संस्था याच मातीत वाढल्या. नाशिकला चांगल्या मराठी शाळांची परंपरा आहे, ती संपलेली नाही.

महापालिकेच्या शाळांमध्ये स्मार्ट सिटीच्या पैशांतून डिजिटल वर्ग झाले. झाले ते बरं झालं. पण पहिली आणि दुसरी एकाच बाईंकडे असतील तर तो फळा काय करणार? प्राथमिकला दर तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्यातलं प्रमाण आहे, आणि जनगणना, निवडणूक, आपत्ती एवढं सोडून शिक्षकांना शाळेबाहेरची कामं देऊ नयेत असंही 27व्या कलमात आहे. मतदारयाद्यांच्या नावाखाली शिक्षिका दुपारभर गल्ल्यांतून फिरताना मी पाहते तेव्हा मला त्यांच्या वर्गात बसलेली मुलं दिसतात. पडद्यापेक्षा त्या बाईंना वर्गात परत पाठवणं स्वस्त आहे.

आणि एक अधिकार आपण वापरतच नाही. कायद्याप्रमाणे महापालिकेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तीच करते, अनुदान कसं खर्च झालं ते तीच बघते. विनाअनुदानित खासगी शाळेला अशी समिती बंधनकारक नाही. तिथं 2011 च्या शुल्क कायद्याखालचा पालक-शिक्षक संघ असतो, तो मुख्यतः फीपुरता. म्हणजे दीड लाख भरणाऱ्या पालकाला पहिलीच्या बाई का बदलल्या हे विचारण्याचा जो हक्क कायदा देत नाही, तो महापालिकेच्या शाळेतल्या आईला आहे. बहुतेक समित्या कागदावर आहेत हे मला ठाऊक आहे. त्या कागदावर आहेत कारण त्यांत बसून हिशेब वाचू शकणारे पालक दुसऱ्या शाळांच्या फाटकांबाहेर गाडी लावायला जागा शोधत असतात.

यंदा पहिलीचा प्रवेश असलेल्या घरांना म्हणून माझी विनंती आहे, की लांबच्या शाळेचा फॉर्म भरण्याआधी घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत असलेल्या सगळ्या शाळांत, महापालिकेच्या, अनुदानित, खासगी, एकदा जाऊन पहिलीच्या वर्गात बसा. त्यातली एक पुरेशी चांगली वाटली तर ओळखीच्या चार-पाच घरांशी बोला आणि सगळ्यांनी मिळून तिथं प्रवेश घ्या. एकट्या घराला जे धाडस वाटतं ते पाच घरांना सोपं जातं, आणि पाच लक्ष देणारे पालक एका लहान शाळेची समिती जिवंत करू शकतात. महापालिकेकडून एक गोष्ट मागायला हवी. दर वर्षी जानेवारीत, खासगी शाळांचे फॉर्म सुटायच्या सुमाराला, तिने प्रत्येक शाळेच्या फाटकावर लावावं की पहिलीला कोण शिकवणार, त्यांचं प्रशिक्षण काय, त्या तिथं किती वर्षं आहेत आणि शाळेत किती जागा रिकाम्या आहेत. आणि त्या रिकाम्या जागा जूनच्या आत भराव्यात.